गप्प केलेली वॉर्निंग

गारठा खोलीचं दार उघडं ठेवून कोणी बोलत उभं राहिलं, तर त्या कंपनीत त्याला माफी नसे. म्हणून आत आलेल्या माणसाने आधी दार घट्ट लावलं आणि मगच विचारलं, "जिवंत आहात ना?"

ती जिवंत होती, पण फार वेळ राहील असं काही दिसत नव्हतं. पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन ती बोटांवर फुंकर मारत होती. नाक लालबुंद झालं होतं. अंगातलं जाड जाकीट कंपनीचं, म्हणजे मापाशी काही देणंघेणं नसलेलं. बाह्यांतून तिची जेमतेम नखं दिसत होती.

"हातमोजे नाही घातलेत?"

"एकच जोडी आहे म्हणे. ती कोणा मौनी नावाच्या माणसाने लाटलीय."

"अरेरे... भारी आपमतलबी माणूस आहे तो."

"तुम्ही ओळखता?"

"रोज दाढी करताना भेट होते."

ती आधी ओशाळली, मग हसली. त्याने खिशातून हातमोजे काढले, डावा तिला दिला आणि उजवा स्वतःच्या हातात चढवला. "बोटं बधिर झाली की अदलाबदल," म्हणाला. आता एकेका मोज्यावर दोन माणसांची थंडी कशी भागायची? पण भागली. प्रेमात अशा गोष्टी भागतात, निदान सुरुवातीला तरी.

ही कंपनी लशी थंड ठेवणाऱ्या पेट्या बनवायची, काही गाडीत बसवायच्या, काही औषधाच्या दुकानात ठेवायच्या. प्रत्येक पेटीच्या पोटात एक चिमुकला कॉम्प्युटर असे. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो सगळ्यात आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातला कोड लिहायचं काम तिसऱ्या मजल्यावर चाले. ती तिथे नुकतीच लागली होती, प्रोबेशनवर. आणि नव्या माणसाच्या गळ्यात जे मारतात तेच काम तिच्या गळ्यात पडलं होतं – कंपायलरच्या वॉर्निंग निस्तरायच्या. कंपायलर म्हणजे माणसांनी लिहिलेला कोड वाचून यंत्राच्या भाषेत करून देणारा प्रोग्रॅम. काम चोख करतो, पण कुठे काही खटकलं की कुरकुरल्याशिवाय राहत नाही.

"सकाळपासून एकच रडगाणं चाललंय," ती म्हणाली. "हे फंक्शन लिहिलंय, पण कुठेच वापरलेलं नाही. काढून टाकू का?"

"अहो, नका! त्या बिचाऱ्याने तुमचं काय वाकडं केलंय?" तो वाकून स्क्रीन बघायला लागला. दोघांच्या तोंडातून निघणारी वाफ स्क्रीनसमोर एकमेकींत मिसळली आणि तिने उगाचच नजर दुसरीकडे वळवली. "हे पंखा झोपवायचं फंक्शन आहे. गाडीचं इंजिन बंद झालं की बॅटरी वाचवायला पेटी झोपते, तेव्हा हे लागतं. पण तुम्ही आत्ता दुकानातल्या पेटीचा कोड चालवताय. ती भिंतीतल्या विजेवर चालते, झोपतच नाही. म्हणून कंपायलरला वाटतं, हे कशाला लिहिलंय?"

"मग त्याची समजूत कशी काढायची?"

"समजूत नाही काढायची. गप्प करायचं."

त्याने फंक्शनच्या डोक्यावर दोन शब्दांची एक खूण टाइप केली. मेबी अनयूज्ड. म्हणजे कदाचित न लागणारं. "आम्हाला ठाऊक आहे बाबा, हे कधी लागतं, कधी नाही लागत. तू बोलू नकोस. एवढाच अर्थ."

कंपायलर पुन्हा चालवला. चकार शब्द नाही.

"म्हणून तुम्हाला मौनी म्हणतात?"

"कंपायलरला मौनात बसवतो म्हणून. माझं स्वतःचं तोंड बंद होत नाही, ते पुढे कळेलच."

"पुढे?"

"म्हणजे... तुम्ही टिकलात तर."

ती टिकली. पहिल्या आठवड्यातच त्याने तिला नाव ठेवलं, चौकशी. कारण ती प्रत्येक ओळीला 'हे असं का?' विचारायची. नाव सगळ्या मजल्यावर पसरलं. दुसऱ्या कोणी हाक मारली की तिच्या कपाळावर आठी यायची, पण त्याने मारली की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. दोन्ही वेळा शब्द एकच असायचा, पण त्याला ती तरी काय करणार?

दोघांचं अहो-जाहो कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. टेस्टिंगची कामं गारठा खोलीत निघायची, आणि नाही निघाली तर काढली जायची. बाहेर आले की दोघं कॉफीच्या मशीनला हात शेकत उभे राहायचे.

"दूध कमी, साखर अर्धा चमचा," कप पुढे करत तो म्हणायचा. "पण हेडबाईंची मीटिंग असेल तर पूर्ण चमचा."

हेडबाई म्हणजे त्यांच्या टीमच्या प्रमुख. शाळेत नव्हत्या, पण चष्म्यावरून बघायची तऱ्हा शाळेतलीच होती.

"तुझं डोकं आहे की गोदाम?"

"बाकीच्यांच्या बाबतीत चाळण आहे. तुझ्या बाबतीत मी काही विसरत नाही."

"बघू हं. पहिल्या दिवशी माझ्या स्कार्फचा रंग?"

"जांभळा. टोकाला एक दोरा निघाला होता. तू तो बोटाला गुंडाळत होतीस."

अशा उत्तरावर कुठली मुलगी शहाणी राहील? ती नाही राहिली. घरी जाऊन तिने तो दोरा कापायला घेतला आणि कात्री पुन्हा डब्यात ठेवून दिली.

घरी म्हणजे मावशीकडे. आई-वडील दूरच्या गावी होते, आणि मावशीचं घर ऑफिसपासून बसने सरळ. मावशी कपडे बेतून शिवून द्यायची. तोंडात टाचण्या धरूनही तिला बोलता यायचं आणि ते थांबवायची सोय नव्हती.

"एकदा जेवायला आण गं त्याला. मी काही खाणार नाही त्याला."

"विचारलंय. या आठवड्यात त्याला काम आहे."

"मागच्या आठवड्यातही होतं. मी नव्या बश्या आणून ठेवल्यात, निळ्या काठाच्या. त्यांच्यावर धूळ बसायला लागली."

"मावशी!"

"बरं बाई, नाही बोलत," मावशी म्हणायची आणि पुढचा अर्धा तास बोलायची.

तसं बघायला गेलं तर खटकण्यासारखं बरंच काही होतं. एकदा दोघं बसस्टॉपवर उभे असताना त्याच्या आईचा फोन आला. "कोणी नाही गं, ऑफिसमधली एक आहे," तो सहज म्हणाला आणि बोलता बोलता तिच्यापासून जरा लांब सरकला. एकदा त्याच्या हातून एका पंख्याची वायर तुटली आणि हेडबाईंनी खालच्या वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञाला झापलं. हा शेजारी उभा होता. नंतर डोळा मारून म्हणाला, "त्याला सवय आहे." दोन्ही वेळा चौकशीच्या ओठांवर प्रश्न आला. पण आईसमोर सगळेच लाजतात, वायरचं काय एवढं, असं मनाशी म्हणून तिने कानाडोळा केला. दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधणारी ही मुलगी संध्याकाळी बसस्टॉपवर मात्र एकही प्रश्न विचारायची नाही.

मग रिलीजचा आठवडा आला. गाडीतल्या पेटीची नवी आवृत्ती बाहेर पडायची होती, आणि हेडबाईंचा नियम होता की रिलीजच्या दिवशी एकही वॉर्निंग दिसता कामा नये. नेमका मौनीने त्याच दिवसांत पंख्याचा कोड नव्याने मांडला. रिलीजच्या आदल्या दिवशी चौकशीने कंपायलर चालवला, तर एक वॉर्निंग उरली. ती लॅपटॉप घेऊन त्याच्या टेबलाशी गेली.

"हे बघ ना. पंख्याला जागं करणारं फंक्शन, कुठेच वापरलेलं नाही म्हणतोय."

"मग खूण लाव. तुला काय नवीन आहे का ते?" तो जाकीट चढवत होता.

"अरे, पण ही गाडीतल्या पेटीवर का येतेय? दुकानातल्या पेटीवर आली असती तर ठीक होतं. गाडीतली पेटी तर झोपते ना? मग जागं करणारं फंक्शन लागत कसं नाही? आणि झोपवणाऱ्याबद्दल हा काहीच बोलत नाही, फक्त जागं करणाऱ्याबद्दल."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि तेच हसला, गारठा खोलीतलं. "कंपायलरचं काय एवढं मनावर घेतेस? त्याला कुरकुर करायचाच पगार मिळतो. खूण लाव आणि मोकळी हो. तपासायला माझ्याकडेच येणार आहे ना? चल, नाहीतर बस जाईल. आज मी तुझ्या स्टॉपपर्यंत येतोय..."

"पण—"

"चौकशी बंद!" त्याने तिच्या नाकावर हलकेच टिचकी मारली.

तिची शंका काही फिटली नव्हती. तिला फक्त आणखी एकदा 'पण' म्हणायचं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जाईल आणि तिथे कंटाळा येईल, याची तिला भीती वाटली. तिने खूण लावली. कंपायलर गप्प झाला. तिने पाठवलेला बदल त्याने न उघडताच फोनवरून मंजूर केला आणि दोघं बस पकडायला धावले. बसमध्ये त्याने पहिल्यांदा तिचा हात धरला. त्या दिवशी तिच्याइतकं सुखी कोणी नव्हतं, हे खोटं कशाला बोला!

झोपून उठण्याची टेस्ट खरं तर उकाडा खोलीत, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीत, करायची. तिथे रांग होती. "आपण गारठ्यातच उरकू," तो कानात म्हणाला, "तिथे आपण दोघंच असतो." पेटी झोपली, उठली, आतलं तापमान जागच्या जागी. आता तसल्या थंडीत कुठली पेटी तापणार? पंखा फिरला काय नि न फिरला काय! पण एकमेकांच्या हातातले मोजे बदलणाऱ्या माणसांच्या लक्षात अशी गोष्ट येत नाही.

रिलीजनंतर काही आठवड्यांनी एक गाडी लशी घेऊन लांबच्या दवाखान्यात गेली. वाटेत ड्रायव्हर थांबला, इंजिन बंद केलं, पेटी झोपली. निघताना पेटी उठली, पण पंखा उठला नाही. गार हवा एका कोपऱ्यात कोंडून राहिली आणि बाकी सगळी पेटी तापली. दवाखान्यातल्या नर्सने आकडे पाहिले आणि सगळ्या लशी टाकून दिल्या. कडेवर पोरं घेऊन सकाळपासून ताटकळलेल्या आया तशाच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर ते फंक्शन होतं, त्याच्या डोक्यावर ती खूण, आणि बाजूला चौकशीचं नाव.

"खूण तू लावलीस?"

"हो, मॅडम."

"कंपायलर तुला ओरडून सांगत होता की हे फंक्शन कोणी वापरत नाहीये. मौनीने कुठल्या वेळी कुठलं फंक्शन चालवायचं त्याचा तक्ता नव्याने मांडला, त्यात झोपवायची ओळ आली, जागं करायची ओळ राहिली. एका ओळीचा मामला. आणि ते सांगणाऱ्यालाच तू गप्प केलंस?"

"चूक झाली माझी," ती म्हणाली. "पण मॅडम, मी विचारलं होतं. गाडीतल्या पेटीवर येतेय, हेही सांगितलं होतं."

"कोणाला?"

तिने नाव घेतलं नाही. घ्यायची गरज पडू नये, एवढंच तिला त्या क्षणी हवं होतं. तो समोरच बसला होता, कॉफीच्या कपाचा कान चाचपत. एक 'हो' म्हणायचं होतं त्याने. नोकरी तिची जायची होती. त्याला फार तर बोलणी बसली असती आणि तोंडावर आलेली बढती लांबली असती.

हेडबाईंनीच विचारलं. "मौनी, तपासलंस तू. तिने तुला सांगितलं होतं?"

"तक्त्यातली ओळ माझ्याकडून सुटली, ते मला मान्यच आहे," तो सावकाश म्हणाला. "पण असलं काही सुटतं म्हणूनच वॉर्निंग असते ना? मला वाटलं, नेहमीचीच आहे, दुकानातल्या पेटीची."

"मी काय विचारतेय? तिने सांगितलं होतं का?"

"आठवत नाही मॅडम..." मग त्याने ओठांच्या कोपऱ्यातून हसून घेतलं. "दिवसभर काही ना काही विचारतच असते ती. नावच चौकशी आहे."

टेबलाच्या त्या टोकाला दोघंतिघं हसले. चौकशी पडद्याकडे बघत राहिली. स्वतःचं नाव तिला कधी इतकं परकं वाटलं नव्हतं.

हेडबाईंनी प्रोबेशन पुढे न्यायचं नाही असं ठरवलं. महिनाअखेरीपर्यंत काम करायचं आणि निघायचं.

मावशीने ऐकलं आणि तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. हे क्वचित घडे. "खोटं बोलला मेला?"

"खोटं नाही गं. खरंच विसरला असेल. घाईत होता. आईचे सारखे फोन येत होते त्याला..."

"हं," मावशी म्हणाली. एवढंच.

पुढचे दिवस चौकशीने या एका वाक्यावर काढले. विसरला असेल. माणूस विसरतो. त्याने दगा दिलेला नाही, त्याला फक्त आठवलं नाही, आणि न आठवण्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. याच आशेवर ती रोज ऑफिसला जात होती, त्याच्यासमोरून मान खाली घालून जात होती आणि त्याने हाक मारायची वाट पाहत होती. मान खाली घालायची वेळ खरं तर कोणाची होती, ते सोडा.

राहिलेल्या दिवसांत तिने स्वतःच तक्त्यात ती राहिलेली ओळ घातली. डोक्यावरची खूण काढून टाकली. कंपायलर चालवला. कसली कुरकुर नाही, आणि या वेळी त्याला कोणी दटावलेलं नव्हतं. मग उकाडा खोलीच्या रांगेत उभी राहिली, नंबर लागल्यावर पेटीला झोपवलं, उठवलं. पंखा घरघरला आणि तिला तिथेच रडू फुटलं.

शेवटच्या दिवशी दुपारी ती जाकीट परत खुंटीला लावायला गारठा खोलीत गेली. मागून दार उघडलं. आत आलेल्या माणसाने आधी दार लावलं आणि मगच तो बोलला.

"थांब. मला बोलायचंय."

ती थांबली. त्याचा चेहरा उतरला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"मी आईला सांगितलंय," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल."

"काय सांगितलंस?"

"लग्न करीन तर हिच्याशीच... असं." त्याच्या तोंडून वाफ निघत होती, शब्द अडखळत होते. "नोकरीचं काय, तुला दुसरी मिळेल, याहून चांगली मिळेल. मी ओळखी काढतो. पण तू अशी जाऊ नकोस. मला तुझ्याशिवाय... चौकशी, मला सगळं आठवतं गं. तो जांभळा स्कार्फ. तू या खोक्यावर बसली होतीस. डावा मोजा तू घेतलास, आणि अदलाबदल करताना मुद्दाम वेळ लावलास. पहिल्यांदा 'अरे' म्हणालीस ते मशीनपाशी, आणि मग जीभ चावलीस. बसमध्ये हात धरला तेव्हा तुझा अंगठा थंड होता. एक शब्द विसरलो नाही मी तुझा. एकसुद्धा!"

इतक्या महिन्यांत हेच ऐकायला ती आसुसली होती. आणि आता ऐकताना तिला कळत होतं की आपला एक-एक आधार निखळतोय.

"बसमध्ये हात धरलास तो दिवस आठवतो?"

"म्हणजे काय! विचारतेस काय!"

"त्या दिवशी निघायच्या आधी मी तुझ्या टेबलाशी आले होते. मी काय विचारलं होतं?"

त्याने नखाने खोक्याची कड खरवडली. ती वाट पाहत होती, आणि खरं सांगायचं तर अजूनही मनात म्हणत होती, नको आठवू दे. एवढंच एक नको आठवू दे याला. 'देवाशपथ आठवत नाही' असं म्हणाला असता, तर तिने जाकीट पुन्हा अंगात घातलं असतं.

पण खाली बघत, अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "'ही गाडीतल्या पेटीवर का येतेय?'... असं विचारलं होतंस. 'जागं करणारं फंक्शन लागत कसं नाही?' म्हणालीस."

शब्द न् शब्द बरोबर होता.

"म्हणजे आठवतं तुला," ती म्हणाली.

"माझी बढती होती गं... तू नवीन होतीस, मला वाटलं तुला काय, तू सावरशील. मी नंतर सगळं नीट करणारच होतो..."

त्याच्याबद्दलचं प्रेम त्या क्षणी संपलं असतं तर बरं झालं असतं. ते संपलं नव्हतं. त्याची थंडीने लाल झालेली बोटं बघून तिला अजूनही वाटत होतं की आपल्या हातात घ्यावी. पण या बोटांनी पुढेही कधी काही तुटलं, तर ते कोणाच्या माथी जाईल, हे आता तिला माहीत होतं. तिने जाकिटाच्या खिशातून डावा हातमोजा काढला आणि खोक्यावर ठेवला.

"घे. जोडी पूर्ण झाली तुझी."

ती दाराशी गेली. कडी ओढली, बाहेरची ऊब तोंडावर आली.

"असं काय करतेस?" तो मागून म्हणाला. "काहीतरी बोल ना... शिव्या दे, पण बोल!"

"इथे दार उघडं ठेवून बोलायचं नसतं," ती म्हणाली आणि बाहेर येऊन तिने दार घट्ट लावून घेतलं.